जुन्या स्प्लेंडरच्या सायलेन्सरमधले पडदे (आवाज दाबणाऱ्या आतल्या पत्र्याच्या भिंती) काढले तर पिकअप वाढेल का?

नाही वाढणार. उलट रोजच्या स्पीडला गाडी थोडी मंदच होईल. तुमची गाडी 2014 ची, कार्ब्युरेटरवाली, चढाला दम टाकते आणि गॅरेजवाले पडदे कापून द्यायला तयार आहेत, असं तुम्ही लिहिलंय. कापण्याआधी एवढं वाचाच.

सायलेन्सर म्हणजे इंजिनाच्या तोंडात कोंबलेला बोळा, हा समज चुकीचा आहे. एक्झॉस्ट व्हॉल्व, म्हणजे जळका गॅस बाहेर सोडणारी झडप, उघडला की दाबाची लाट पाइपमधून धावते. पाइप जिथे एकदम रुंद होतो तिथून ती उलटते आणि परत येताना ओढ घेऊन येते. आत घेणारा आणि बाहेर सोडणारा असे दोन्ही व्हॉल्व क्षणभर एकत्र उघडे असतात, नेमकी तेव्हा ही ओढ पोचली तर उरलेला जळका गॅस बाहेर खेचला जातो आणि हवा-पेट्रोलचं ताजं मिश्रण आत घ्यायला मदत होते. सगळा खेळ वेळेचा आहे. 7500 आरपीएमला (मिनिटाला इंजिनाचे फेरे) एक्झॉस्ट स्ट्रोक, म्हणजे गॅस बाहेर ढकलणारी पिस्टनची फेरी, 4 मिलिसेकंदांचा. तापलेल्या गॅसमध्ये लाट सेकंदाला साधारण 500 मीटर जाते, म्हणजे तेवढ्या वेळात एक मीटर जाऊन परत. शहरात आपण 3000-4000 वर असतो, तिथे हिशेब वेगळा. पाइप आखूड केला तर फायदा झालाच तर अगदी वरच्या आरपीएमला होतो. जाड पाइप लावला तर गॅसचा वेग पडतो आणि खालचा जोर जातो. चढाला तुम्हाला हवाय तो हाच जोर. ‘बॅक प्रेशर (गॅसला अडवणारा उलटा दाब) पाहिजेच’ म्हणतात तेही खरं नाही. हवी असते ती वेळेवरची ओढ.

यामाहाच्या टू-स्ट्रोक आरएक्स 100 चं उदाहरण इथे देऊ नका. टू-स्ट्रोकमध्ये बाहेर निसटलेलं ताजं मिश्रण पाइपच परत आत ढकलतो, म्हणून तिथे पाइप बदलला की गाडीच बदलते. स्प्लेंडरचं इंजिन 97.2 सीसीचं, ताकद जेमतेम 8 हॉर्सपॉवर. त्यात पाच टक्के वाढले तरी अर्धासुद्धा हॉर्सपॉवर नाही. आवाज मोठा झाला की गाडी जोरात पळतेय असं वाटतं, एवढंच.

शिवाय पडदे काढून जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक) तेच ठेवलं तर मिश्रण पातळ, म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त, होऊ शकतं. मग थ्रॉटल सोडल्यावर फटाके वाजतात, स्पार्क प्लग पांढरा पडतो, एक्झॉस्ट व्हॉल्व जास्त तापतो. तरीही पाइप बदलायचाच असेल तर बेंड पाइपची (इंजिनापासून सायलेन्सरपर्यंतचा वाकडा पाइप) लांबी-जाडी मूळचीच ठेवा, मेन जेट एक नंबर वाढवून बघा, प्लग फिकट तपकिरी राहतोय का ते तपासत राहा. इंजिनाच्या हेडला पाइप जोडतो तिथलं गॅस्केट नवीन टाका. तिथून हवा ओढली गेली तरी फटाके वाजतात. बीएस 6 (धुराच्या नव्या नियमांच्या) गाडीला मात्र हात लावूच नका, तिच्या एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन सेन्सर असतो.

कायदाही बघा. 80 ते 175 सीसीच्या मोटरसायकलला कारखान्यातून निघतानाची आवाजाची मर्यादा 77 डेसिबल आहे. कर्कश सायलेन्सरसाठी मोटार वाहन कायद्याच्या कलम 190(2) खाली 10,000 रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

तुमचं पिकअप बहुतेक दुसरीकडेच हरवलंय. टॅपेट (व्हॉल्वची फट) सेट करून घ्या, एअर फिल्टर बदला, मागचा ब्रेक घासतोय का ते चाक हाताने फिरवून बघा. चढाला इंजिन गरगरतं पण गाडी पुढे सरकत नाही असं असेल तर क्लच प्लेट गेल्यात. एवढं करूनही फरक पडला नाही तर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजून घ्या आणि आकडा इथे लिहा, पिस्टनच्या रिंग गेल्यात की व्हॉल्व ते मग बघू.