सिडनीत बोरोनिया सेरुलाटा लावायचाय? आधी हे वाच

झाड मस्त निवडलंयस, गुलाबी फुलांचं हे छोटं झुडूप, पण अवघड आहे हे आधीच सांगतो. हे मूळचं फक्त सिडनीच्या आसपासचं, साधारण गॉसफर्डपासून रॉयल नॅशनल पार्कपर्यंत, हॉक्सबरी सँडस्टोनच्या (तिथल्या वालुकाश्माच्या) खडकाळ भागात वाढतं, तिथली माती म्हणजे वाळू, आम्लधर्मी आणि खताच्या बाबतीत अगदी गरीब, त्यामुळे आपल्या सवयीने शेणखत न् कंपोस्ट ओतायला जाऊ नकोस प्लीज.

खरा शत्रू मुळं कुजणं. फायटोफ्थोरा (मुळं कुजवणारा बुरशीसारखा जंतू) एकदा लागला की हिरवंगार झाड बघता बघता वाळतं आणि मग काहीच करता येत नाही. गंमत अशी की याला मुळाशी ओल सतत हवी पण पाणी साचलेलं जराही चालत नाही, म्हणून जमीन चिकणमातीची असेल तर सरळ कुंडी घे, नेटिव्ह (ऑस्ट्रेलियातल्या स्थानिक) झाडांचं पॉटिंग मिक्स वापर, वर सपाट दगड किंवा खडी पसर म्हणजे मुळं थंड राहतात. दुपारचं कडक ऊन टाळ. खत द्यायचंच तर कमी फॉस्फरसवालं, तेही थोडंसं.

बियांच्या मागे लागू नकोस, त्या रुजता रुजत नाहीत, कटिंगचं रोप नेटिव्ह नर्सरीतून घे. पार्कातून फांदी तोडून आणायची नाही, बेकायदेशीर आहे.

लिंबू, कढीपत्त्याच्याच कुळातलं आहे, पान चुरगळून वास घे, कळेल. ऑगस्ट ते ऑक्टोबर गुलाबी वाटीसारखी फुलं येतात, ती संपली की शेंडे हलकेच छाट, जुन्या लाकडापर्यंत कापू नकोस.