जेसीबी नंतर बोलवा, आधी शेजारच्या गटांचे सातबारे काढा

त्र्यंबकच्या बाजूला जुन्या कौलारू घरासह दोन एकर जमीन घेतली आहे, निम्म्या भागात घाणेरीची (टणटणीची) झुडपे माजली आहेत, मे महिन्यात जेसीबी लावून सगळे एकदाचे मोकळे करावे आणि पावसाआधी तारेचे कुंपण ओढून घ्यावे असा विचार आहे, तर यंत्राचा तासाचा दर काय पडतो, असे तुम्ही विचारले आहे. दर तुम्हाला गावातला कोणीही सांगेल. मी लिहायला बसलो तो तुमच्या शेवटच्या वाक्यामुळे. पूर्वेकडचे शेजारी बांध त्यांचा असल्याचे सांगतात, पण मोजणीला फार वेळ लागतो म्हणून आधी कुंपण करून टाकू, असे तुम्ही म्हणता. आमचे दुखणे नेमके इथूनच सुरू झाले होते.

खरेदीखत, फेरफार, तुमचा शेतकरी असल्याचा पुरावा आणि आपल्या नाशिकच्या पश्चिम पट्ट्यात जमीन मूळची आदिवासी खातेदाराची आहे की काय, हे सगळे तुम्ही व्यवहारापूर्वी पाहिले असेल असे धरून चालतो. मी वकील नाही. जे भोगले आणि जे पाहिले तेवढेच सांगतो.

कुंपणाआधी हद्द कायम मोजणी, म्हणजे हद्दीच्या खुणा ठरवून देणारी सरकारी मोजणी, करून घ्या, त्याला पर्याय नाही. एकत्रीकरण योजनेत जुन्या सर्व्हे नंबरांचे गट झाले, तेव्हा नकाशावर आखलेली रेषा आणि शेतात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली वहिवाट यांत बऱ्याच ठिकाणी अंतर राहून गेले आहे. तेव्हा शेजारी बांधावर हक्क सांगतो म्हणजे तो लबाडच आहे, असे मनात धरून त्याच्याशी बोलायला जाऊ नका. त्याच्या आजोबांनी तो बांध घातलेला असू शकतो आणि तरीही नकाशा तुमच्या बाजूने असू शकतो.

आम्ही मोजणीचा अर्ज वेळेत केला होता, शुल्कही भरले होते. लगतच्या सर्व खातेदारांना कार्यालयाकडून नोटीस जावी लागते. आमच्या पूर्वेच्या गटाच्या सातबाऱ्यावर ज्यांचे नाव होते ते गृहस्थ वारले होते आणि त्यांच्या मुलांची वारसनोंद झालेली नव्हती. ही गोष्ट मी तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात (कोणत्या तालुक्याच्या ते लिहीत नाही) खिडकीवर जाऊन सांगितली, मुलांची नावे आणि पत्ते लिहून नेले. "सातबाऱ्यावर जे नाव आहे त्यालाच नोटीस जाते," एवढे सांगून तो कागद मला परत देण्यात आला. नोटीस मृत माणसाच्या नावाने गेली आणि पोस्टातून तशीच परत आली, तरी मोजणीची तारीख मात्र कायम ठेवली. त्या दिवशी भूकरमापक उपग्रहाच्या आधारे जागा मोजणारे रोव्हर यंत्र घेऊन आले, पश्चिमेच्या दोन खुणा झाल्या आणि पूर्वेला वळताच दोघे भाऊ बांधावर येऊन उभे राहिले. आम्हाला नोटीसच नाही, हे त्यांचे म्हणणे अगदी खरे होते. भूकरमापकांनी पंचनाम्यात हरकत लिहिली, यंत्र पेटीत भरले आणि ते निघून गेले. भरलेले शुल्क त्या मोजणीपोटी संपले असे आम्हाला कार्यालयाने कळवले आणि नवा अर्ज, नवे शुल्क, नवी तारीख असा फेरा पुन्हा सुरू झाला. ज्या माणसाने माझा कागद परत केला त्याला तो फाईलला लावायला किती श्रम पडले असते, हा प्रश्न मला अजूनही सुटत नाही. कामाचा ताण सगळीकडेच आहे हे मला मान्य आहे, पण लेखी आणून दिलेली माहिती न घेणे याला ताण म्हणत नाहीत.

नुकसान शुल्काचे नव्हते. हद्द ठरली नाही म्हणून पूर्वेचा खचलेला बांध आम्हालाही दुरुस्त करता येईना आणि त्यांनाही हात लावू देववेना. आषाढात वरच्या खाचरांचे पाणी त्याच जागी लोटले, बांध फुटला आणि घराच्या मागची चांगली माती ओहोळाला गेली. आपल्याकडे बांध ही नुसती हद्दीची रेघ नसते, पाणी कुठे थांबायचे आणि कुठून उतरायचे हेही तोच ठरवतो. इगतपुरीला वर्षाला 3000 मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यात सिन्नर-येवल्याकडे 500-600 च्या आसपास, त्यामुळे सिन्नरच्या मित्राने दिलेला सल्ला त्र्यंबकच्या उताराला लावू नका. माझाही सल्ला जिल्ह्याच्या पूर्व भागातल्यांनी जपूनच घ्यावा.

म्हणून अर्ज करण्याआधी लगतच्या प्रत्येक गटाचा सातबारा काढा. महाभूमीच्या संकेतस्थळावर डिजिटल सहीचा उतारा 15 रुपयांत मिळतो. त्यावरची नावे घेऊन पोलीस पाटलांकडे किंवा गावातल्या एखाद्या जाणत्या माणसाकडे बसा आणि कोण हयात आहे, कोण मुंबईला आहे, कोणाचे वारस लागलेले नाहीत हे विचारून घ्या. वारसांची नावे-पत्ते अर्जासोबत लेखी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. आमच्याकडे तो शिक्का असता तर पुढचे बोलणे वेगळ्या सुरात झाले असते. शिवाय त्या वारसांच्या घरी स्वतः जाऊन या. मोजणीवर कोणाचे समाधान झाले नाही तर निमताना मोजणी, म्हणजे वरिष्ठ अधिकाऱ्याकडून फेरमोजणी, मागता येते, हेही त्यांना मोकळेपणाने सांगा, म्हणजे आपल्याला घाईत गुंडाळले जात आहे असे त्यांना वाटत नाही.

कुंपणाबद्दल आणखी एक. तुमच्या जमिनीतून कोणाची जुनी पायवाट किंवा बैलगाडीची वाट जात असेल तर ती तारेने बंद करू नका. अशी वाट अडवली तर 1906 च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत तहसीलदारांकडे दाद मागता येते, आणि गाव त्या माणसाच्या बाजूने उभे राहते. तारेपेक्षा चिलार, सागरगोटा आणि करवंदाचे जिवंत कुंपण मला स्वतःला जास्त पटते. ते उभे राहायला काही वर्षे लागतात हे खरे, पण त्याला गंज चढत नाही आणि ते कोणी गुंडाळून नेत नाही.

आता जेसीबी. उतारावर माती वीतभर असते, तिच्याखाली लगेच मुरूम लागतो. मे महिन्यात यंत्राने घाणेरी ओरबाडली की तिच्या मुळांबरोबर ती वीतभर मातीही ढिगाऱ्यात जाते, उरलेली पहिल्या जोराच्या पावसात वाहते, आणि उघड्या मुरमावर श्रावणापर्यंत गाजरगवत कमरेला येते. एक तण काढून दुसरे पेरण्याचा हा महाग प्रकार मी आजूबाजूला बऱ्याच नव्या जमिनींवर पाहिला आहे. घाणेरी नुसती कोयत्याने छाटली तर बुडातून दुप्पट फुटते. पाऊस ओसरू लागला आणि जमीन ओली असली की पहार-टिकाव घेऊन बुडखा मुळासकट उपटावा, फळे काळी पडून पक्ष्यांनी बी पसरवण्याच्या आत. सगळी एका वर्षात काढू नका. एक पट्टा मोकळा करा, तिथे गवत धरू द्या, मग पुढचा. गाजरगवत फुलावर येण्यापूर्वी हातमोजे घालून उपटावे, कारण अंगाला खाज सुटली तर ती लवकर जात नाही. टाकळा उगवला तर मात्र राहू द्या. तो गाजरगवताला दाबतो आणि त्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी होते.

यंत्रवाल्याला मोकळे रान देऊ नका, याला आणखी एक कारण आहे. महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियम 1964 च्या अनुसूचीत आंबा, साग, खैर, हिरडा, मोह, जांभूळ अशी झाडे आहेत आणि स्वतःच्या जमिनीतले झाड असले तरी ते तोडायला परवानगी लागते. घाणेरीच्या जाळीत हिरड्याचे किंवा मोहाचे झाड दडलेले असू शकते, म्हणून आधी आत शिरून झाडांना चुन्याचे पट्टे मारून घ्या. शिरताना गमबूट घाला आणि काठी आपटत चला, कारण आपल्या भागात घोणस आणि फुरसे दोन्ही आहेत.

या उन्हाळ्यात पैसा घरावर लावा. कौले चाळून घ्यायची असतील तर माणसे आत्ताच ठरवा, मे संपत आला की प्रत्येकाला आपलेच घर शाकारायचे असते. एक पावसाळा जमिनीला हात न लावता पाणी कुठून येते, कुठे साचते आणि कुठून बाहेर पडते ते पाहा, भर पावसात छत्री घेऊन फिरा आणि त्या जागांवर खुंट्या ठोका. मोजणीची तारीख दिवाळीनंतरची मिळेल अशा बेताने अर्ज करा, कारण गुडघाभर गवतात आणि चिखलात झालेल्या खुणा नंतर कोणाला सापडत नाहीत. भूकरमापक फक्कीने (पांढऱ्या भुकटीने) खुणा करून जातात. क प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, हातात येण्याची वाट न पाहता, शेजाऱ्यांच्या समक्ष, त्याच दिवशी त्या जागी निदान दोन फूट खोल जाणारे दगड रोवून घ्या.