गाळ, वाळलेलं गवत आणि डक्टमधलं घुबड : थंडीतले तुमचे प्रश्न

पुण्यात पहाटे स्वेटर निघाले की मला पक्षी-प्राण्यांबद्दल दोन प्रकारचे मेसेज यायला लागतात. एक म्हणजे "सर, कुठे काय दिसतंय?" आणि दुसरा "सर, हे आमच्याकडे कुठून आलं, याला घालवायचं कसं?" यावेळी दुसऱ्या प्रकारचे जरा जास्त आलेत. सगळ्यांना उत्तरं देणं जमणार नाही, पण थोडे निवडलेत.

प्रश्न : डिसेंबरच्या सुट्टीत पोरांना घेऊन हडपसरहून पहाटे चारला निघालो, भिगवणला बोट केली, दीड तास फिरलो आणि एकही फ्लेमिंगो नाही! बोटवाला म्हणतो "अजून पाणी उतरलं नाही". हे खरं की बनवाबनवी?

बोटवाला शंभर टक्के खरं बोलला. तुम्ही पाणी बघायला गेलात आणि फ्लेमिंगोला हवा असतो गाळ. भिगवणचं पाणी म्हणजे उजनीचं बॅकवॉटर, भीमेवरच्या धरणाचा फुगवटा. पाऊस चांगला झाला की धरण काठोकाठ भरतं आणि डिसेंबरपर्यंत काठाला उथळ जागाच उरत नाही. मग रब्बीला पाणी सुटतं, पातळी हळूहळू खाली जाते आणि चिखलाचे पट्टे उघडे पडायला लागतात. फ्लेमिंगो, म्हणजे आपला रोहित, त्या घोटाभर पाण्यात डोकं उलटं करून चोच गाळातून फिरवतो आणि त्यातले बारीक जीव, अळ्या, शेवाळ गाळून खातो. पाणी खोल असेल तर त्याला तिथे जेवायला काहीच नाही, तो येऊन करणार काय? म्हणून साधारण जानेवारीच्या शेवटापासून मार्चपर्यंत जा, आणि निघायच्या आधी तिथल्या गाईडला फोन करून एवढंच विचारा, "गाळ उघडा पडलाय का?"

बाकी डिसेंबरची ट्रिप फुकट गेली असं मला वाटत नाही हो. डोक्यावर दोन काळ्या पट्ट्या असलेले करडे हंस दिसले का? ते पट्टकादंब. हिमालय ओलांडून येतात, आणि सात हजार मीटरच्या आसपास उडताना त्यांची नोंद झालेली आहे, जिथे आपल्याला दोन पायऱ्या चढल्या तरी धाप लागेल. पोरांना हे सांगितलं असतंत तर फ्लेमिंगोची आठवण पण आली नसती. थापट्या बदकं, चक्रवाक, कुरव (सीगल), सगळे डिसेंबरात असतात. पण आपल्याला रील गुलाबी हवं ना!

आणि एक विनंती, बोटवाल्याला "अजून जवळ घे, उडव ना एकदा" असं म्हणू नका. थवा उडाला की फोटो भारी येतो, पण दिवसातून वीस बोटी वीस वेळा उडवतात तेव्हा त्या पक्ष्याचा खायचा वेळ आणि परतीच्या प्रवासासाठी साठवलेली चरबी, दोन्ही जातं.

प्रश्न : कुरवांना शेव-फरसाण टाकलं तर ते अगदी हातापर्यंत येतात, मुलांना मजा येते. यात वाईट काय?

मीठ, तेल, मैदा. ते मासे आणि किडे खाणारे पक्षी आहेत. मजा यायची असेल तर फरसाण तुम्ही खा, ते उडताना बघा.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या डक्टमध्ये घुबडाची चार पिल्लं आहेत. रात्रभर फुस्स फुस्स आवाज येतो. सासूबाई म्हणतात अपशकुन आहे, सेक्रेटरी म्हणतात पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावून काढून टाकू. काय करावं? (कोथरूड)

ताई, आधी सेक्रेटरींना थांबवा. ते गव्हाणी घुबड आहे, बदामाच्या आकाराचा पांढरा चेहरा असेल बघा. पिल्लं तर इतकी विचित्र दिसतात की दर थंडीत कोणीतरी त्यांचा व्हिडिओ "परग्रहावरचा प्राणी" म्हणून फिरवतंच. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली घुबडाला पूर्ण संरक्षण आहे, घरटं काढणं, पिल्लं हलवणं हा गुन्हा आहे, पेस्ट कंट्रोलवाला पण अडकेल आणि त्याला बोलावणारे पण.

आता सासूबाईंचं. त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांना एवढंच विचारा की लक्ष्मीचं वाहन कोण? माझ्या आजीवर हा उपाय लागू पडला होता, ती नंतर शेजारणींना स्वतःच सांगायची. आणि खरं कारण यापेक्षा सोपं आहे, हे जोडपं तुमच्या पार्किंगमधले उंदीर-घुशी मारतं. ज्या गाड्यांच्या वायरी उंदीर कुरतडतात त्यांच्या गॅरेजबिलाचा हिशोब पुढच्या मीटिंगमध्ये मांडा, विषय संपेल.

पिल्लं एकाच वयाची दिसणार नाहीत, कारण मादी पहिलं अंडं घातल्यापासूनच उबवायला बसते, त्यामुळे थोरलं आणि धाकटं यांच्यात बराच फरक असतो. अंड्यातून बाहेर आल्यापासून साधारण दोन महिन्यात ती उडायला लागतात. म्हणजे तुम्हाला फुस्स फुस्स कायमचं नाही, थोडे आठवडे सहन करायचंय. तेवढ्या दिवसात डक्टला कबुतरांची जाळी लावू नका (आईबाप बाहेर अडकतात आणि पिल्लं आत उपाशी मरतात), टॉर्च मारून रोज बघायला जाऊ नका, आणि सगळ्यात महत्त्वाचं, उंदरांचं औषध टाकू नका. विष खाल्लेला उंदीर घुबडाने खाल्ला की तेही जातं. एखादं पिल्लू खाली पडलं तर वनविभागाच्या 1926 वर फोन करा. दूध-पाव पाजू नका, हा आपला राष्ट्रीय उपचार आहे पण घुबडाला चालत नाही.

प्रश्न : रोज सकाळी गॅलरीच्या कठड्यावर एक काळा पक्षी येतो, पोट विटकरी, आणि शेपटी सारखी थरथरवत असतो. आजारी आहे का? थंडी वाजते का त्याला?

हाहा, नाही. त्याचं नावच थिरथिरा! नर काळा-विटकरी, मादी मातकट. उत्तरेकडून थंडीपुरता येतो आणि बऱ्याचदा त्याच जागेवर ठाण मांडतो, दुसऱ्या थिरथिऱ्याला फिरकू देत नाही. पहिल्यांदा कधी दिसला आणि उन्हाळ्यात शेवटचा कधी दिसला त्या तारखा कॅलेंडरवर लिहून ठेवा, पुढच्या वर्षी ताडून बघा. मला तरी या छंदातला हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात भारी भाग वाटतो.

प्रश्न : टेकडीवर रोज फिरायला जातो. आमच्या ग्रुपमधल्या काहींचं म्हणणं की वाळलेलं गवत जाळलेलं बरं, पुढच्या वर्षी गवत चांगलं येतं आणि सापही कमी होतात. तुमचं मत?

माझं मत ऐकाल तर ग्रुप सोडाल. पण विचारलंय तर सांगतो.

जानेवारीत जाळलं तर जूनपर्यंत तिथे काय उगवणार? पाऊस येईपर्यंत पाच महिने काळी उघडी जमीन, आणि पहिल्या वळवाच्या सरीत वरची माती थेट खाली ओढ्यात. ते वाळकं गवत तुम्हाला कचरा दिसतो पण त्याच्या बिया मुनिया खातात, मुळाशी किड्यांची अंडी असतात, बुडख्यात तित्तर लपतात. वणव्यात मोठी झाडं कदाचित वाचतात, पण वनविभागाने आणि लोकांनी लावलेली गुडघाभर रोपं सगळी जातात. दरवर्षी वेताळ टेकडीला आणि आजूबाजूच्या टेकड्यांना हे होतं आणि दरवर्षी आपण हळहळतो. बहुतेक वेळा सुरुवात कशाने, तर फेकलेली विडी, सिगारेट, नाहीतर कोणीतरी मजा म्हणून लावलेली काडी.

सापांचं तर उलटंच आहे. आग लागली की साप बिळात नाहीतर खाली वस्तीकडे जातो, म्हणजे तुमच्याच पार्किंगकडे. थंडी हा घोणस या विषारी सापाचा मिलनाचा काळ, त्यामुळे ती जास्त फिरते आणि सकाळी ऊन खायला पायवाटेवर येऊन बसते. अंगावर रुद्राक्षाच्या माळेसारखी गोल नक्षी, आणि कुकरच्या शिट्टीसारखा मोठा फुत्कार. तो आवाज आला की तिथेच थांबा, कुठून येतोय बघा आणि मागे सरका. अंधार असताना बॅटरी आणि बूट, एवढं केलं तरी पुष्कळ. चावलीच तर घट्ट दोरी बांधणं, ब्लेडने चिरणं, मांत्रिक, काही नको, हातपाय न हलवता सरळ मोठं हॉस्पिटल गाठायचं.

प्रश्न : नवीन कॅमेरा घेतलाय. सुप्याकडे माळावर लांडगा आणि हॅरियर मिळतात म्हणे. माझी गाडी फोर बाय फोर आहे, आत कुठपर्यंत नेता येईल?

गाडी रस्त्यावर ठेवायची. एवढंच उत्तर आहे, पण कारण सांगतो म्हणजे रागावणार नाही.

हॅरियर हा शिकारी पक्षी, आपल्या भाषेत भोवत्या. कझाकस्तान, रशियाच्या गवताळ प्रदेशातून तो आपल्या माळावर येतो, मुख्यतः नाकतोड्यांसाठी. दिवसभर जमिनीलगत तरंगत शिकार करतो हे सगळ्यांना माहीत असतं, पण रात्री तो झोपतो कुठे हे विचारलंत तर बरेच फोटोग्राफर गप्प बसतात. तो झाडावर नाही, जमिनीवर गवतात झोपतो, बऱ्याचदा घोळक्याने. संध्याकाळी "गोल्डन लाईट"साठी गवतातून गाडी घातली म्हणजे तुम्ही त्याच्या अंथरुणातून गाडी घातली. लांडग्याचं तर अजून नाजूक, आपल्याकडे लांडगीण बहुतेक थंडीतच विते. बिळाजवळ माणसांची वर्दळ झाली की ती पिल्लांना तोंडात धरून एकेक करून दुसरीकडे नेते, आणि त्या धावपळीत भटकी कुत्री गाठतात.

आणि सुप्याजवळचं मयुरेश्वर अभयारण्य किती मोठं आहे माहितीये? जेमतेम पाच चौरस किलोमीटर. चिंकारा तिथे छान दिसतात, पण सगळ्या पुण्याने फोर बाय फोर घेऊन जायचं ठरवलं तर गवत उरेल का? वनविभागाची कडबनवाडी आणि शिरसुफळला ग्रासलँड सफारी आहे, ठरलेले मार्ग, सोबत गावातला गाईड, ती बुक करा. त्या गाईड पोरांची नजर अशी आहे की आपली लेन्स लाजेल. पैसे गावात राहतात, आणि मग गावाला पण माळ म्हणजे पडीक जमीन वाटत नाही. फोटो मिळाला तर बिळाचं लोकेशन ग्रुपवर टाकू नका, प्लीज.

प्रश्न : आमच्याकडे (मंचर) ऊसतोड चालू आहे. मागच्या वर्षी शेजारच्या फडात बिबट्याची पिल्लं सापडली, नुसती गर्दी झाली होती. यंदा आमच्या शेतात सापडली तर काय करायचं?

दादा, शहरात बसून बिबट्यावर ज्ञान देणं सोपं असतं हे मला कळतं, तुमच्याकडची भीती खरी आहे, माणसं गेलीत. म्हणून फक्त कामाचं सांगतो.

आडसाली ऊस दीड वर्ष उभा असतो, आत सावली, पाणी, डुकरं-कुत्री, माणूस येत नाही. बिबट्याच्या मादीला यापेक्षा चांगली जागा कुठली? तोड आली की तिचं घर एका दिवसात उघडं पडतं. टोळीला आधीच सांगून ठेवा, पाचटात (उसाच्या वाळक्या पाल्यात) पिल्लं दिसली तर कोयते तिथेच थांबवायचे, सगळ्यांनी एकत्र मागे यायचं, 1926 ला फोन. पिल्लं उचलून घरी आणायची नाहीत, मांडीवर घेऊन सेल्फी तर अजिबात नाही. आई बहुतेक जवळच्याच उभ्या उसात असते आणि पिल्लं नाहीशी झाली की ती शोधत वस्तीभोवती फिरते, म्हणजे धोका आपणच वाढवतो. वनविभागाची माणसं संध्याकाळी पिल्लं त्याच जागी क्रेटमध्ये ठेवतात, कॅमेरा लावतात, आणि बऱ्याचदा त्याच रात्री मादी येऊन घेऊन जाते. त्या रात्री त्या बाजूला मोटरसायकली, बॅटऱ्या, बघे, काही नको. तुमचा एक दिवस तोड थांबते, कारखान्याची गाडी चुकते, हे नुकसान मला माहितीये.

अजून एक, सापडलेली सगळी पिल्लं बिबट्याची नसतात. रानमांजराची किंवा वाघाटीची पण असतात, तळहाताएवढी. ओळखत बसू नका, पद्धत तीच.

प्रश्न : संक्रांतीला मांज्यात अडकलेली घार सापडली तर घरच्या घरी सोडवू का?

मांजा ओढू नका, ओढला की अजून चिरतो. दोन्ही बाजूंनी कात्रीने कापा, पंखात रुतलेला तसाच राहू द्या. अंगावर जाड टॉवेल टाका (घारीच्या नख्या आधी सांभाळा, मला अजून खूण आहे), भोकं पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवा, चोचीत पाणी ओतू नका, आणि 1926. नायलॉन मांज्यावर 2017 पासून बंदी आहे तरी मिळतो. पतंग उडवायचाच असेल तर साध्या दोऱ्याने, आणि सकाळ-संध्याकाळ पक्षी जायच्यायायच्या वेळी नको. संक्रांत झाल्यावर पुढच्या रविवारी सोसायटीतल्या झाडांवरचा मांजा काढा, तो तिथे पावसाळ्यापर्यंत लटकतो. काठीला आकडा बांधला की पुरतं.