सोसायटीमागच्या मोकळ्या उतारावर पक्षी-फुलपाखरांसाठी देशी झाडे लावायची आहेत. सुरुवात कशी करावी?

पुण्याजवळ आपल्या सोसायटीमागे दोनेक एकर मुरमाड उतार मोकळा आहे, सुटीच्या दिवशी राबायला माणसे तयार आहेत आणि तेथे पक्षी व फुलपाखरे यावीत म्हणून कोणती देशी झाडे लावावीत, असे आपण विचारले आहे. मी पुण्यातल्या एका टेकडीवर स्वयंसेवक म्हणून हेच काम करतो. झाडांची नावे पुढे सांगतोच, पण त्याआधी एक विनंती आहे: यंदाचा पावसाळा संपेपर्यंत एकही खड्डा घेऊ नका, त्या जागेवर आज काय उगवते आणि कोण राहते ते नीट पाहा.

पुणे परिसरात वर्षाला साधारण 700 मिलिमीटर पाऊस पडतो आणि टेकड्यांवर मातीचा थर पातळ असतो, त्यामुळे अशा उतारांवर मुळात गवत आणि अधूनमधून विखुरलेली झाडे असेच रान असते. आपल्या उतारावर कुसळी, मारवेल किंवा पवना या गवतांचा चांगला पट्टा असेल, तर तो ‘उजाड’ समजून त्यात झाडे लावणे म्हणजे जमिनीवर घरटी करणाऱ्या चंडोलांना आणि टिटव्यांना व गवताच्या बियांवर जगणाऱ्या मुनियांना हुसकावून लावणे होय. तो भाग तसाच राखावा. चौरस मीटरला तीन-चार रोपे लावण्याची मियावाकी पद्धत सध्या लोकप्रिय आहे, परंतु कोरड्या, उघड्या उतारावर ती मला पटत नाही. तेथे दाट झाडी होईलही, पण ती त्या जागेची नसेल.

गवताबाहेरच्या भागात, ओघळींच्या कडेने आणि कुंपणालगत लागवड करता येईल. झाड निवडताना त्याच्या फुलांपेक्षा त्याची पाने कोण खाते, हे आधी विचारावे. फुलपाखरू मध अनेक प्रकारच्या फुलांचा घेईल, पण अंडी मात्र ठरावीक वनस्पतींवरच घालते. कढीपत्ता, बेल आणि लिंबू यांवर कॉमन मॉर्मनच्या अळ्या वाढतात, बहावा आणि टाकळ्यावर पिवळ्या-पांढऱ्या फुलपाखरांच्या, आणि रुईवर प्लेन टायगरच्या. रुई आणि टाकळा आपोआप उगवतात, म्हणूनच ‘साफसफाई’त पहिले बळी त्यांचेच जातात. आंब्यावरचे बांडगूळसुद्धा सरसकट काढू नये, कारण कॉमन जेझेबेल हे फुलपाखरू त्यावरच अंडी घालते आणि फुलटोच्या पक्षी त्याची फळे खातो. पाने कुरतडलेली दिसली की कोणीतरी हमखास फवारणीचा विषय काढते. त्यांना सांगावे की एरवी दाणे टिपणारी चिमणीही पिल्लांना किडे-अळ्याच भरवते, आणि फवारणी करायची असेल तर या लागवडीला काही अर्थ उरत नाही.

मोठ्या झाडांत पळस, पांगारा, काटेसावर, मोई, हिवर आणि मेडशिंगी या उतारांना मानवतात. काटेसावर आणि पळस पानगळीनंतर फुलतात, तेव्हा इतर खाद्य कमी असते आणि भोरड्या, मैना, बुलबुल, शिंजीर यांची त्यांवर झुंबड उडते. जेथे थोडा ओलावा टिकतो तेथे उंबर अवश्य लावावा, कारण त्याला वर्षातून अनेकदा फळे धरतात. पण खरी उणीव असते ती झुडपांची. करवंद, धायटी, मुरुडशेंग, निर्गुडी आणि बोर यांच्या जाळीशिवाय बुलबुलांना आणि सातभाईंना लपायला जागा मिळत नाही. तरीही वर्गणी देणाऱ्याला झुडपाशेजारी फोटो काढून घेण्यात रस नसतो, त्यामुळे ती यादीतून गळतात.

रोपवाटिकेत ‘देशी’ म्हणून जे मिळते त्यावर विसंबू नका. शंकराला वाहिला जाणारा कैलासपती दक्षिण अमेरिकेचा आणि गुलमोहर मादागास्करचा आहे. शक्य तितके बी एप्रिल-मेमध्ये जवळच्या टेकड्यांवरून थोडे थोडे गोळा करावे. राखीव जागा असेल, तर तेथून परवानगीशिवाय काही उचलू नये. पळसाचे आणि करवंदाचे बी ताजे असतानाच पेरावे, बहाव्याच्या कठीण बियांना आधी गरम पाण्याची प्रक्रिया द्यावी. पांगारा आणि मोई तर जाड फांदीपासूनही येतात. उतारावर आधीच ग्लिरिसिडिया हा परदेशी वृक्ष असेल, तर तो एकदम तोडू नका. त्याच्या सावलीत देशी रोपे वाढू द्यावीत आणि मग टप्प्याटप्प्याने, वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घेऊन तो विरळ करावा.

आता माणसांविषयी. जुलैतल्या वृक्षारोपणाला सगळे येतात, मार्चमध्ये पाणी घालायला चार जणही उरत नाहीत. म्हणून आलेल्या लोकांवर रोपांची संख्या ठरवू नये. उन्हाळ्यात नक्की येणारे किती आहेत ते पाहून, दोन-तीन उन्हाळे जगवता येतील तेवढीच रोपे लावावीत. प्रत्येक घराकडे ठरावीक रोपे सोपवली, तर आळे करणे, पालापाचोळ्याचे आच्छादन घालणे आणि आठवड्याला पाणी देणे ही कामे बिनबोभाट होतात. पावसाळा सरताच, गवत पुरते वाळण्याआधी, कडेने जाळरेषा (वणवा अडवण्यासाठी गवत काढून मोकळा केलेला पट्टा) काढणे हे वर्षातले सर्वांत महत्त्वाचे काम आहे, कारण एक वणवा तीन वर्षांची मेहनत खाऊन टाकतो. ज्यांना कुदळ झेपत नाही अशा ज्येष्ठांकडे आणि मुलांकडे नोंदींचे काम द्यावे. लागवडीच्या आधीच त्यांनी दर महिन्याला त्याच वाटेने फिरून दिसलेले पक्षी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर आणि फुलपाखरे वहीत नोंदवायला सुरुवात करावी, म्हणजे पुढे कोणी ‘फरक काय पडला’ असे विचारले तर दाखवायला काहीतरी असेल.

जागेचा उतार कोणत्या दिशेला आहे आणि पाण्याची सोय किती दूर आहे हे कळवलेत, तर कोणत्या भागात काय लावावे हे अधिक नेमके सांगता येईल.