रताळ्यावर यीस्ट वाढवून तेल: निघतं, पण आधी हिशोब बघा

खानापूरकडच्या मित्राचा प्रश्न असा, की काढणीत तुटलेली, कीडकी रताळी उकिरड्यावर जातात. त्यातल्या स्टार्चवर यीस्ट वाढवून तेल काढता येईल का, आणि धंदा होईल का?

तेल निघतं. मात्र बेकरीचं यीस्ट चालणार नाही, ते साखरेची दारू करतं. लिपोमायसिस स्टार्कीई किंवा ऱ्होडोटोरुला टोरुलॉइडिस अशी चरबी साठवणारी जात हवी. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत (एनसीएल) सूक्ष्मजीवांचा एनसीआयएम नावाचा संग्रह आहे, तिथं चौकशी करा. लिपोमायसिस स्टार्च स्वतः फोडतं, तरी आधी एन्झाइमनं साखर करून घेतलेली बरी: अल्फा अमायलेज 90 अंशांच्या आसपास, मग ग्लुकोअमायलेज 60 अंशांवर, सामू (पीएच) साडेचार.

खरी मेख नत्रात आहे. नत्र आहे तोवर यीस्ट नुसतं वाढत राहतं. नत्र संपून साखर उरली, की पेशींची वाढ थांबते आणि ती साखर आधी सायट्रेट हे पेशीतलं मधलं रसायन होऊन त्या वाटेनं चरबीत जाते. पिकाला युरिया घालायची आपली सवय, इथं मात्र सुरुवातीपुरतं नत्र देऊन पुढं उपाशी ठेवायचं. रताळ्यात नत्र कमी, म्हणून ते सोयीचं. भाताचा कोंडा मिसळू नका, त्यात प्रथिनं बरीच असतात.

आता हिशोब. 100 किलो रताळ्यांत 20 किलो स्टार्च धरा, त्याची साखर साधारण 22 किलो. कागदावर 1 किलो साखरेमागं 320 ग्रॅम तेल बसतं. हाताला 180 ग्रॅम लागलं तरी चांगलं म्हणायचं, म्हणजे एकूण 4 किलो. त्यासाठी 5 टक्के साखरेचं 440 लिटर पाणी निर्जंतुक करायचं आणि चार-पाच दिवस त्यात हवा फुंकत राहायची. विजेचं बिल तुम्हीच मांडा!

शिवाय तेल पेशीच्या आत. पेशी वाळवा, फोडा, हेक्झेन या द्रावकानं तेल ओढून घ्या. हेक्झेन भडका घेतं, गोठ्याशेजारच्या शेडमध्ये हे काम नको म्हणजे नकोच. एवढं करून हाती येणारं तेल घडणीनं पामतेलासारखं, म्हणजे स्पर्धा स्वस्त मालाशी. खायला विकायचं तर अन्नसुरक्षेची परवानगी वेगळीच.

मित्राच्या मुलीच्या एमएस्सी प्रोजेक्टला विषय झकास आहे, फ्लास्कमध्ये जरूर करू दे. उकिरड्यावरच्या मालाला माझ्या मते गोबरगॅस बरा. आणि बुरशी आलेलं रताळं म्हशीपुढं टाकू नका, त्यात तयार होणारं विष जनावराच्या फुप्फुसांना बाधतं.