पुस्तकातून गळलेला एक शब्द

प्रश्न : नातीच्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकात आहे, की विमानानं न थांबता अटलांटिक ओलांडणारा पहिला माणूस लिंडबर्ग. आम्ही शाळेत अल्कॉक आणि ब्राऊन ही नावं घोकली होती. खरं कुठलं?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : अहो, तुमचं पाठांतर पक्कं आहे. पुस्तकातून ‘एकट्यानं’ हा शब्द तेवढा गळलाय. अल्कॉक आणि ब्राऊन जून १९१९ मध्ये न्यूफाउंडलंडहून निघाले आणि सोळा तासांनी आयर्लंडला उतरले. लिंडबर्ग आला मे १९२७ मध्ये. तो न्यूयॉर्कहून थेट पॅरिसला गेला, साडेतेहतीस तास, एकटाच.

मी सांबऱ्याला हवाई दलाच्या शाळेत शिकलो, पुढं जन्मभर इंजिनांत हात काळे केले. त्यामुळं मला नवल वाटतं ते पेट्रोलचं. लिंडबर्गनं सुमारे १,७०० लिटर भरलं होतं. निघताना विमानाचं निम्म्याहून जास्त वजन पेट्रोलचंच! मोठी टाकी ऐन तोंडासमोर, म्हणजे समोरची काचच नाही. पुढचं बघायचं तर पेरिस्कोपला डोळा लावा, नाहीतर बाजूच्या खिडकीतून डोकावा. वजन नको म्हणून रेडिओसुद्धा घेतला नव्हता.

अल्कॉक-ब्राऊनकडं रेडिओ होता, पण त्याला वीज देणारा पंखाच वाटेत तुटून पडला. पाठोपाठ उजव्या इंजिनाचा धूर सोडणारा पाइप फुटला. आवाज एवढा, की शेजारी बसून चिठ्ठ्या लिहून बोलायचं. वर ढग, खाली धुकं. मध्यरात्री ढगांच्या फटीत ब्राऊनला अभिजित आणि ध्रुव हे तारे सापडले, तेव्हा कुठं आपण आहोत कुठं ते कळलं.

सकाळी क्लिफडेनजवळ हिरवंगार मैदान दिसलं म्हणून उतरले, तर ती दलदल! चाकं रुतली, विमान नाकावर. हसू नका. खानापूरकडं पावसाळ्यात गवत बघून मीही एकदा रस्ता सोडून स्कूटर आत घातली होती. अर्धं चाक चिखलात गेलं आणि बैल जुंपून बाहेर काढावी लागली. त्या दोघांना मात्र खरचटलंसुद्धा नाही म्हणा ना.

नातीच्या पुस्तकात तेवढा ‘एकट्यानं’ पेन्सिलीनं लिहून द्या. पेनानं नको, बाई ओरडतील.