कार्बन फायबरच्या प्लेटला भोक पाडताना मागच्या बाजूने थर सुटतात, काय करावं?

तुम्ही लिहिलंय की कॉलेजच्या ड्रोनसाठी ३ मिमी जाडीची कार्बन फायबरची प्लेट आणली आणि साध्या हँड ड्रिलने ४ मिमीची भोकं पाडली. वरून भोक छान दिसतं, पण प्लेट उलटली तर कडेला धागे पिंजारलेले आणि एक पापुद्रा उचकटलेला. बाहेरचा आकारही अजून कापायचाय. मी भोसरीतल्या एका लहान कंपोझिट वर्कशॉपमध्ये अकरा वर्षं काम करतोय. हे रोजचंच काम आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

प्लेट बिघडते ती शेवटच्या अर्ध्या मिलिमीटरला. कार्बनचा एकेक धागा ५ ते ७ मायक्रॉनचा असतो आणि लांबीच्या दिशेने ओढलात तर भलताच मजबूत. पण एका थराला दुसऱ्या थराशी धरून ठेवणारं असतं ते फक्त रेझिन. त्यात ड्रिलचं अगदी मधलं टोक कापत नाही, ते नुसतं ढकलतं. खाली पाच-सहा थर शिल्लक असेपर्यंत ते एकमेकांना सांभाळतात. एक-दोनच उरले की ते कापले जाण्याआधीच फुगतात आणि चिरोट्याचे पापुद्रे सुटावेत तसे सुटतात. त्यामुळे सगळी मेहनत त्या शेवटच्या थराला पाठीमागून आधार देण्यासाठी करायची.

प्लेटखाली १२ मिमीचा प्लायवुड किंवा एमडीएफचा सपाट तुकडा ठेवा आणि दोन्ही सी-क्लॅम्पने घट्ट आवळा. मध्ये कागदाइतकी फट राहिली तरी थराला फुगायला जागा मिळते. प्रत्येक भोकाला लाकडाची कोरी जागा द्या, जुन्या भोकावर नवं आलं तर खाली आधार उरत नाही. वरच्या बाजूलाही पातळ प्लायचा तुकडा ठेवलात तर उत्तम, कारण आत शिरताना ड्रिलचे पीळ वरचा थर उचलायला बघतात. मास्किंग टेप दोन्ही बाजूंना लावा, खुणा नीट करता येतात आणि धागे कमी पिंजारतात. पण नुसत्या टेपवर विसंबून राहू नका, टेप काही आधार देत नाही.

आता ड्रिल, म्हणजे मशीनमध्ये बसवायचा बिट. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारं एचएसएस (हाय-स्पीड स्टील) ड्रिल पहिली दोन-चार भोकं छान पाडतं, तिथेच माणूस फसतो. कार्बन पॉलिश पेपरसारखा धार खातो. मी नवीन असताना चोवीस प्लेटांचं एक काम एकाच एचएसएस ड्रिलने करायला घेतलं होतं. सहाव्या प्लेटपासून आवाज बदलला, करकर जाऊन घुंई असा घासल्यासारखा झाला, जळक्या रेझिनचा वास यायला लागला. तरी मी रेटत राहिलो आणि उरलेल्या बहुतेक प्लेटा मागून फुटल्या. आमच्या उस्तादांनी ते ड्रिल ट्यूबलाइटखाली धरून दाखवलं: धारेवर बारीक पांढरी रेघ चमकत होती. धारदार कडेवर उजेड थांबत नाही, बोथट कडेवर थांबतो. तेव्हापासून मी दर थोड्या भोकांनी ड्रिल उजेडात फिरवून बघतो. तुम्ही सरळ सॉलिड कार्बाइडचं, म्हणजे स्टीलपेक्षा खूप कठीण मटेरियलचं, ड्रिल घ्या. महाग पडेल, पण एका प्लेटच्या किमतीपुढे काहीच नाही. फक्त ते काचेसारखं तडकतं. हँड ड्रिल जरा तिरकं झालं की मोडलं, म्हणून कॉलेजच्या वर्कशॉपमधलं बेंच ड्रिल मागून घ्या.

वेग जास्त, दाब कमी. ४ मिमीच्या कार्बाइड ड्रिलला ५,००० आरपीएमच्या आसपास मिळाले तर झकास. साध्या मशीनवर जेवढे जास्तीत जास्त मिळतील तेवढे ठेवा. पण दाब कमी म्हणजे रेंगाळणं नव्हे. ३ मिमीची प्लेट दोन-तीन सेकंदांत पार व्हायला हवी. एका जागी घासत बसलात तर रेझिन तापून मऊ पडतं आणि थर तिथेच सैल होतो. घरगुती तापमानाला सेट होणारी बरीचशी इपॉक्सी रेझिन ६०-७० अंशांनाच नरम पडायला लागतात. पार होण्याच्या क्षणी हात अलगद हलका करा. आधी २ मिमीचं भोक पाडून मग ४ मिमीचं केलंत तर मधल्या टोकाला ढकलायला काही उरत नाही आणि जोर खूप कमी लागतो. आधार मात्र दोन्ही वेळा हवा.

बाहेरचा आकार कापायला डायमंडची पातळ चकती लावलेलं छोटं रोटरी टूल चालेल. रेषेच्या एखाद मिलिमीटर बाहेरून कापा आणि उरलेलं पॉलिश पेपरने उतरवा, आधी १८०, मग ३२०, शेवटी ओला ४००. सरळ कड असेल तर इंचाला ३२ दात असलेलं हॅक्सॉ ब्लेडही पुरतं, मात्र प्लेट दोन लाकडांत आवळून. मोठ्या दातांचं ब्लेड अजिबात नको, ते धागे ओढून काढतं. आतले कोपरे काटकोनी कापू नका, आधी कोपऱ्यात भोक पाडा आणि कापत त्या भोकापर्यंत या, म्हणजे तिथून चीर पुढे जात नाही. वॉटरजेटवर, म्हणजे पाण्याच्या जोरदार धारेने कापणाऱ्या मशीनवर, देणार असाल तर सुरुवात कडेकडून किंवा आधी पाडलेल्या भोकातून करायला सांगा. मधेच प्लेटवर धार सोडली की पाणी थरांत घुसतं.

धुळीबद्दल मी जरा कळकळीने सांगतो, कारण मुलं इथेच सगळ्यात जास्त हयगय करतात. ही काळी भुकटी श्वासातून आत जाते. रुमाल बांधून भागत नाही, निदान नीट बसणारा एन९५ मास्क आणि गॉगल हवाच. एकाने ड्रिल चालवावं, दुसऱ्याने व्हॅक्यूमचं तोंड भोकाच्या अगदी शेजारी धरावं. फुंकर मारून किंवा हवेच्या पाइपने धूळ उडवू नका. हाताला टोचे लागले तर चोळू नका, चिकटपट्टी लावून उचला, मग गार पाण्याने धुवा. आणि कार्बनमधून वीज वाहते! ड्रोनचा बोर्ड, मोटर, लॅपटॉप त्या खोलीत उघडे ठेवू नका. ती भुकटी बोर्डावर बसली तर शॉर्ट होतो आणि कारण शोधून सापडत नाही.

कापलेल्या कडेला पातळ फेविक्विक किंवा इपॉक्सी फिरवा, धागे बंद होतात. भोक कडेपासून निदान त्याच्या व्यासाच्या तिप्पट आत असू द्या, म्हणजे ४ मिमीला मध्यापासून १२ मिमी. बोल्ट ठोकून बसवू नका, सहज सरकायला हवा, आणि खाली रुंद वॉशर घाला. ॲल्युमिनियमचे रिव्हेट कार्बनला भिडले की ओलीत गंजतात, स्टेनलेस वापरा.

राहिली तुमची बिघडलेली प्लेट. तिच्यावर नाण्याने टकटक करत भोकाकडे या. चांगल्या जागी खणखणीत वाजेल, थर सुटलाय तिथे बद्द. बद्द आवाजाची हद्द पेन्सिलने आखा. ती वॉशरखाली झाकली जात असेल आणि प्लेट कॅमेरा किंवा बॅटरीसाठीच असेल तर पातळ इपॉक्सी हेअर ड्रायरने किंचित कोमट करून पापुद्र्याखाली मुरू द्या, वर-खाली पॉलिथिन लावून दोन लाकडांत आवळा आणि पूर्ण दिवस तसंच ठेवा. मग आधार देऊन भोक पुन्हा साफ करा. ड्रोनचा मोटर बसणारा हात (आर्म) असेल तर मात्र दुरुस्तीच्या नादी लागू नका, नवा कापा.